डबीच्या बुडावरची तारीख

"आत्याबाई, ह्याची तारीख गेली की," मेघा म्हणाली, आणि आवडाबाईच्या वरच्या ओठाखाली बसलेली नखाएवढी उशी बसल्या जागी मेली. घटकेपूर्वी ती गार होती, जिवंत होती, हिरडीला मुंग्या आणत होती. सुनेच्या तोंडून तेवढे शब्द पडायचा अवकाश, तिची माती झाली. मेघा काही वाईट बोलली नव्हती. पुंडलिकनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ती गॅसच्या वरची फळी पुसत होती, फळीवर सासूची पांढरी गोल डबी होती, ती तिनं उचलली आणि हाताच्या सवयीनं उलटी केली. मेघा तारखांच्या बाबतीत फार कडक. पावाच्या पुडक्यापासून खोकल्याच्या बाटलीपर्यंत घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी उलटी व्हायची, मग आत यायची. नवरा काकासाहेब वाळूजच्या कंपनीतून दमून घरी आला की एखाद्या दिवशी ही त्यालाही उंबऱ्यातच उलटा करून बघणार, असं आवडाबाईला कैकदा वाटून गेलं होतं. पण आपल्या डबीला खाली बूड आहे आणि त्या बुडाला काही लिहिलेलं आहे, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. चार महिने ती डब्या फक्त वरून उघडत होती.

"कशाची तारीख?" तिनं विचारलं.

"ह्या तुमच्या उश्यांची. मे महिन्यातच संपली. आता जुलै सरत आला."

"संपली कशी म्हंती? अजून सात हायेत डबीत."

"त्या हायेत हो. त्यांची मुदत संपली. थुका ती, आन् बाकीच्या टाकून द्या. संस्कृतीला फोन करून इचारा." मेघानं डबी जागेवर ठेवली, पिशवी घेतली. "मी शहागंजातनं अस्तर घेऊन येते. चारपर्यंत येईन. तुम्ही उगं जीव घाबरा करून घेऊ नका." आणि दार ओढून ती गेली. जीव घाबरा करू नका असं जाता जाता सांगून जाणाऱ्या माणसानं मागं काय ठेवलेलं असतं, ते मागं राहणाऱ्यालाच कळतं.

आवडाबाईनं उशी थुंकली नाही. तोंडातलं मेलेलं असं एकदम बाहेर काढायला तिला भ्या वाटलं. ती खुर्चीवर बसली आणि जिभेच्या शेंड्यानं उजव्या गालाच्या आतली जागा चाचपून पाहिली. ही जागा म्हणजे सगळ्याचं मूळ. फाल्गुनात दात दुखतो म्हणून लेकानं गंगापूरकडच्या गावातून उचलून इथं आणलं, दाताच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईनं दात राहू दिला बाजूला आणि बॅटरी मारून गालाच्या आत बघत बसली. बोटाच्या पेराएवढा पांढरा डाग. "किती वर्षं मिशरी लावता आजी?" आवडाबाईनं बोटं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, लग्नाच्या आधीपासून, एवढंच तिला सांगता आलं. "आजपासून बंद. चार महिन्यांनी या. डाग गेला किंवा कमी झाला तर देव पावला. नाही गेला तर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." तुकडा हा शब्द ती बाई भोपळ्याचा तुकडा म्हणावा तसं म्हणाली. ते चार महिने परवा, गुरुवारी, भरत होते. आवडाबाईनं नातीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, आणि आजवर, कुणाला खरं वाटो न वाटो, मिशरीचं बोट तिनं तोंडाला लावलं नव्हतं. दोन दिवस उरले होते, आणि आजच उशी मेली.

मिशरी सोडणं म्हणजे काय हे ज्यानं ती लावली नाही त्याला कळायचं नाही. आवडाबाईच्या सासूची मिशरी सात गावांत गाजलेली. म्हातारी दुपारच्या भाकरी झाल्या की चुलीतली लाकडं ओढायची, आणि तव्याच्या उरल्या आचेवर तंबाखूचं पान चुरून टाकायची. धूर उठायचा तो थेट रस्त्यावर जायचा. एकदा म्हणे गंगापूरहून येणारी सवारीची जीप त्या धुरात शिरली, आणि ड्रायव्हरनं एका पाठोपाठ अकरा शिंका दिल्या; अकराव्या शिंकेला जीप उसात गेली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली तेव्हा आतल्या प्रत्येक माणसाच्या हातात सोललेला ऊस होता. लिंबावरची वानरं दुपारी आपापलं नाक धरून बसायची. हे सगळं आवडाबाईनं डोळ्यांनी बघितलेलं, निदान सांगून सांगून डोळ्यांनी बघितल्यासारखं झालेलं. त्या काळ्या भुकटीचं बोट हिरडीवरून फिरलं की डोक्याच्या आत कुणीतरी सारवून रांगोळी घातल्यासारखं व्हायचं. मग जगाकडं तोंड करायला बाई तयार. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात, डॉक्टरणीकडं जायच्या आधी, तिनं या ओट्यावर तवा ठेवून मिशरी भाजली तर वरच्या मजल्यावरच्या गजालाची वर्षाची पोरगी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत शिंकत राहिली. गजाला भांडली नाही. दुसऱ्या दिवशी लालेलाल नाकाचं लेकरू कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, इसको अब रोज दोपहर में तुम्हारी याद आती." आवडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग संस्कृतीनं त्या डब्या आणल्या. नात चिकलठाण्याकडं एका कंपनीत कामाला. तिची मैत्रीण आमरीन, आमरीनचा भाऊ दुबईला, तो सुट्टीवर येताना बारा डब्या घेऊन आला. डॉक्टरणीला दाखवल्या तेव्हा तिनं नाक मुरडलं. "हे औषध नाही. मिशरीपेक्षा बरं म्हणा, पण हेही सोडायचंच आहे. दिवसाला दोनच्या वर नको." दिवसाला दोन. सकाळी एक, जेवल्यावर एक. पहिली डबी उघडली तो क्षण आवडाबाईच्या अंगावर अजून होता. झाकण निघताना फस्स झालं, अगदी बारीक, मुंगीनं उसासा टाकावा एवढं, आणि आतून गार हवा आली. फाल्गुनातल्या उन्हात, पंख्याखाली, तिच्या नाकावर दुसऱ्याच मुलखाची थंडी आली. आत वीस उश्या गोल मांडून ठेवलेल्या. चिमणीच्या बाळंतपणाला केल्यासारख्या, पांढऱ्याफेक, नखाएवढ्या, चारी बाजूंनी शिवलेल्या. संस्कृती त्याला निकोटिनचे पाउच म्हणायची. आवडाबाई उशी म्हणाली, आणि घरात तोच शब्द चालू झाला. "चावायची नाही, गिळायची नाही. ओठाखाली ठेवायची आणि विसरून जायचं," नात म्हणाली. विसरून कसं जायचं? रंग नाही, धूर नाही, बोट काळं होत नाही, थुंकायला उठावं लागत नाही. आणि तरी थोड्या वेळानं डोक्यात कुणीतरी पाय न वाजवता आलं, आणि सारवून गेलं. हडळ तरी बरी, तिला पाय उलटे असतात, ओळखू येते. आवडाबाईनं हात जोडले. नात हसली, पण आवडाबाईनं खरोखर हात जोडले होते.

आता ती डबी तिनं स्वतः उलटी केली. बुडाला बारीक काळे आकडे होते, ठिपक्याठिपक्यांचे, माशीनं चालत चालत लिहिल्यासारखे. तिला वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं. म्हणजे ही थंडी डबीत भरली त्याच दिवशी ती कधी संपणार हे कुणाला तरी ठाऊक होतं. कोण असेल तो? बर्फाच्या देशात तलाठ्यासारखा टेबलावर बसलेला, पांढऱ्या कपड्यातला, समोरून डब्या सरकतायत, आणि तो एकेकीकडं बघून सांगतोय: तू या दिवशी, तू या दिवशी. कधी चुकत नसेल? आणि एवढं ज्याला कळतं त्याला डबीशिवाय दुसऱ्या कशाचं विचारलं तर? तिला तात्यासाहेब आठवले. नवरा गेला तेव्हा शेवटची आंघोळ घालताना पायांवर पाणी ओतायला ती वाकली होती, आणि दोन्ही तळपाय तिच्या डोळ्यांसमोर आले होते. चाळीस वर्षं संसार केला, पण त्या माणसाचे तळपाय असे समोर धरून तिनं कधी बघितले नव्हते. भेगा होत्या. भेगांत काळी माती होती. एवढंच होतं. सकाळी बैलाला पाणी दाखवून आलेला माणूस, दुपारी गेला. तिथं कुणी काही लिहून ठेवलेलं असतं तर आदल्या रात्री ती त्याच्याशी मिठावरून भांडली नसती.

आणि तिच्या माहेरचं पेव. डबीतली हवा पहिल्यांदा नाकाला लागली तेव्हाही तिला हेच आठवलं होतं. चांगलं वर्ष झालं की बाप जमिनीच्या पोटात ज्वारी ठेवायचा. मुरमात घागरीसारखा खोल खड्डा, आत सगळीकडून कडबा, वर माती लिंपून तोंड बंद. एक पेव सात वर्षं बंद राहिलं. उघडलं तेव्हा ती परकरातली पोर होती. वरचा दगड सरकवला आणि बापानं सगळ्यांना लांब केलं. अर्धा दिवस त्या भोकाला श्वास घेऊ द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा, कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. ती पालथी पडून लांबूनच बघत होती. आणि त्या भोकातून, शपथेवर, एक शिंक बाहेर आली. सगळ्यांनी ऐकली. बाप म्हणाला, ही कडुबाची. कडुबा म्हणजे तिचा चुलता. सात वर्षांपूर्वी पेव लिंपताना तो आत तोंड घालून शिंकला होता आणि वरून माती पडली होती. शिंक तशीच राहिली होती, ज्वारीबरोबर, थंड अंधारात, न आंबता न किडता. कडुबा तोवर वारलेला होता. त्याच्या बायकोनं ती शिंक ऐकली आणि पदर तोंडाला लावून ती मळ्याकडं पळत गेली. ज्वारी मात्र बाहेर काढली तर नवी नवरी. पेवाला तारीख नव्हती. पेव ठेवणाराला फक्त ठेवायचं कसं हे माहीत होतं. किती दिवस, हे उघडल्यावर कळायचं.

तिनं फोन लावला. संस्कृतीनं जेवणाच्या सुट्टीत उचलला. मागं ताटांचा आवाज होता.

"आजी, जेवलीस का?"

"जेवले. उशी मेली म्हणती तुझी आई. तारीख गेली."

"थांब, आमरीनला विचारते, तिच्या भावाला सगळं माहितीय." थोडी कुजबुज झाली. "आजी, ऐक. तारीख गेली म्हणजे विष नाही होत. कोरडी पडते, वास उडतो, जोर कमी होत जातो. बंद डबी गार आणि अंधारात ठेवली तर वर्षभर नीट राहते. तू फ्रिजमध्ये ठेवल्यास ना? मी सांगितलं होतं."

"फ्रिजात दूध अस्तं. तंबाखूची जात, दुधाच्या शेजाराला?"

"त्यात तंबाखूचं पानच नाही, किती वेळा सांगू. मग कुठं ठेवल्यास?"

"फळीवर. गॅसच्या वरच्या."

"आजी."

"मिशरी तिथंच ठेवतेत. आचेपाशी. सर्दावत नाय."

"मिशरीला ओलीचं भय असतं गं. ह्यांचा जीवच ओलीत असतो. ती सुकली की संपलं." पुन्हा कुजबुज झाली, आणि कुणीतरी हसलं. "अजून काय केलंस? खरं सांग."

आवडाबाईनं पंख्याकडं बघितलं. "उन्हं दाखवली."

"काय दाखवलं?"

"ऊन. चैतात. मेघानं कुरडया घातल्या व्हत्या गच्चीवर, तवा म्हणलं ह्यान्लाबी दाखवावं. वर्साचं सामान ऊन न दाखवता कोन ठिवतं? जुन्या लुगड्यावर पसरल्या. उरलेल्या साऱ्या. कावळे येऊ नयेत म्हणून बसून ऱ्हायले मी."

"उघड्या? चैत्रातल्या उन्हात? किती दिवस?"

"तीनच."

नातीनं हे आमरीनला सांगितलं. मग ती हळू म्हणाली, "आजी, मग चैत्रापासून तू खातीयेस काय?"

"तेच मी तुला इचारायले."

"मला नाही सांगता येणार. थोडं काही राहिलंही असेल. नसेलही. आमरीन म्हणते तिच्या भावालासुद्धा हे नाही सांगता येणार, उश्यांना वाळवण घातलेलं त्यानं कधी ऐकलं नाही." आणि मग तिचा आवाज बदलला. "आजी, परवा दाखवायचंय. दोन दिवस आहेत. तू काही करणार नाहीस ना?"

"मी काय करणार, म्हातारं माणूस," आवडाबाई म्हणाली, आणि फोन ठेवला.

तोवर तिचं अंग उठलं होतं. काल या वेळेला, परवा या वेळेला, हीच वाळलेली उशी ओठाखाली धरून ती सुखानं शेंगा निवडत बसायची. आज तीच तोंडात असून तोंड ओस पडलं होतं. हिरडीला नखं फुटली होती. बोटं आपोआप एकमेकांवर घासत होती, चिमूट शोधत होती. कानामागून एक नस निघून डोळ्यापर्यंत जात होती आणि तिच्यावर कुणीतरी पिंजारी बसून कापूस पिंजत होता. ज्या माणसाला दोन महिने, तीन महिने काही कळलं नाही, त्याला एका वाक्यात सगळं कळावं, ह्याचं तिला त्या तळमळीतही नवल वाटत होतं. म्हणजे बाई, तुला इतके दिवस धरून कुणी ठेवलं होतं? उशीनं धरलं होतं म्हणावं, तर उशी उन्हात गेली. आणि उशीनं धरलं नव्हतं, तर धरणारा घरात कुठं होता, आणि आता ऐन वेळेला तो कुठं गेला? तिनं खरोखर मान वळवून मागं बघितलं. मागं फ्रिज गुरगुरत होता.

मिशरी शिळी झाली, जोर गेला, तर बाई काय करते? पुन्हा भाजते. हा कायदा सासूनं तिला शिकवला होता आणि सासूला तिच्या सासूनं. जोर मेलेला नसतो, दडून बसलेला असतो. तवा त्याला उठवतो. आवडाबाई उठली, भाकरीचा लोखंडी तवा काढला, गॅसवर ठेवला, आणि तापल्यावर त्यावर सातच्या सात उश्या गोल मांडल्या. आधी काही झालं नाही. मग त्या फुगल्या. सातही जणी पोटं वर करून एकदम फुगल्या, आणि त्यांच्यातून वास निघाला. हात तव्यावर, तोंडावर आच, घामानं मान भिजलेली, आणि नाकात थंडी. जळतं काहीतरी आणि वास गारव्याचा येतो, असा प्रकार तिनं सत्तर वर्षांत बघितला नव्हता. बर्फाच्या देशातला तो तलाठी तव्यातून उठून तिच्या स्वयंपाकघरभर पांढऱ्या कपड्यात हिंडत होता. भिंतीवरची पाल सरकन खिडकीबाहेर गेली; तिलाही गारठा वाजला असावा.

दार वाजलं. गजाला होती, पोरगी कडेवर. पोरगी आता दीड वर्षाची झालेली, नाक वर करून वास घेत होती.

"आजी, क्या भून रहे तुम? ऊपर सब घर में ठंडी-ठंडी खुशबू. मेरे को लगा किसी ने पेपरमिंट की दुकान जला दी."

"उश्या भाजायले."

गजालानं तव्याकडं बघितलं, आवडाबाईकडं बघितलं. "मेघाभाभी घर में नहीं?"

"शहागंजात गेली."

"अच्छा." तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. जायला वळली, मग थांबली. "आजी, बुरा मत मानो. मेरे को तुम ठीक नहीं दिख रहे. मैं बैठूँ थोड़ी देर?"

"नगं. तू जा. लेकराला ठसका लागंल."

"आज तो हँस रही ये," गजाला म्हणाली, आणि खरंच, पोरगी हसत होती. जिना चढताना तिच्या चपलांचा आवाज प्रत्येक पायरीवर जरा थांबत होता.

आवडाबाई तव्याशी परत आली तेव्हा वास संपला होता. उश्या तपकिरी झाल्या होत्या, मग कडेनं काळ्या, आणि उलथन्यानं दाबल्या तर जळक्या कागदासारख्या चुरल्या. तिनं ओठाखालची मेलेली उशी थुंकली, चिमटीत थोडं घेतलं, फुंकलं, हिरडीला लावलं. काही नाही. राखेलासुद्धा चव असते. ह्याला तीही नव्हती. बोटाला काळं लागलं ते लुगड्याला पुसलं तर लुगड्यालाही राहिलं नाही. ज्याच्यासमोर तिनं हात जोडले होते ते सगळं मिळून एवढं होतं. तिनं उलथन्यानं तवा खरवडून साफ केला. गॅस तसाच चालू होता. आणि स्वच्छ, तापलेला, काळा, रिकामा तवा तिच्याकडं बघत होता.

पलंगाखाली तिची पत्र्याची पेटी होती. पेटीत तळाशी एक जुनी नऊवारी, नऊवारीच्या घडीत गोणपाटाचा तुकडा, गोणपाटात तंबाखूची पानं. गावाहून येताना आणलेली, फाल्गुनात. नातीच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हाही ती तिथंच होती. ही गोष्ट लेकाला ठाऊक नव्हती, सुनेला नव्हती, आणि आवडाबाईला ठाऊक असली तरी ती तिनं स्वतःला कधी मोठ्यानं सांगितली नव्हती. ती पेटीशी बसली, घडी उलगडली. आणि पान बघून तिला हुंदकाच आला. चार महिने अंधारात पडलेलं पान मऊ होतं, चामड्यासारखं, तेलकट, शिरा अजून लवत होत्या. जितकं ठेवाल तितकं पिकणारं. वास आला तो सासूचा, आईचा, माजघरात पाय पसरून बसलेल्या सगळ्या मेलेल्या बायकांचा. त्या सगळ्या तिथं पलंगाखाली बसून होत्या आणि वर बघून म्हणत होत्या, आलीस का बाई, किती उशीर. तिनं एक पान मुठीत चुरलं आणि मूठ घेऊन ओट्याशी आली.

आता फक्त मूठ उलटी करायची होती. तळव्याला तव्याची आच लागत होती. धूर उठेल, तिला माहीत होतं, आणि त्या धुरात हे स्वयंपाकघर राहणार नाही, डॉक्टरणीची बॅटरी राहणार नाही, गुरुवार राहणार नाही. वर दीड वर्षाचं एक नाक होतं, ते तिनं बाजूला सारलं. नातीचं डोकं होतं, तेही सारलं. मग गालातली ती जागा आपोआप जिभेखाली आली. जीभ तिथून फिरली, पुन्हा फिरली. डाग मोठा आहे की लहान, हे जिभेला कळत नव्हतं. ते परवा कळायचं होतं. आवडाबाईच्या डाव्या हातानं गॅसची कळ फिरवली. उजव्या हातानं मूठ तशीच धरून ठेवली. दोन्ही हात तिचेच होते आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

ज्योत गेली, पण तवा कुठं गेला होता? तव्यात अजून एका भाकरीची आच होती. आणि नेमकी हीच मिशरीची आच. उरलेली, फुकटची, शेवटची. आत्ता टाकली तर भाजेल. ती उभी राहिली. आत्ता टाकली तरी भाजेल. तिनं डाव्या हातानं पाण्याचा थेंब टाकला, तो तडतडत तव्यावर धावला, काठापर्यंत गेला आणि उडाला. आत्ताही भाजेल. तवा बोलत होता. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्, हाडं मोडल्यासारखं. काठ आधी निवत होते, आच मध्याकडं सरकत होती, जत्रा उठताना माणसं कडेनं कमी होत जावीत तशी, आणि तव्यावरची हवा जी आजवर तिला नुसती गरम म्हणून माहीत होती ती थरथरत होती, वितळलेल्या काचेसारखी, आणि तिच्यातून पलीकडच्या फरश्या हलताना दिसत होत्या. हे असं रोज होत असणार. रोज, दोन वेळा, प्रत्येक घरात. तिनं नवेपणापासून मोडकळीपर्यंत किती तवे वापरले असतील, पण निवणारा तवा तिनं आयुष्यात बघितला नव्हता. शेवटची भाकरी उतरली की त्या आचेवर पान पडायचं, धूर व्हायचा, डोळे मिटायचे. डोळे उघडायचे तेव्हा तवा थंड आणि बाई तयार. मधलं हे सगळं तिच्या पाठीमागं व्हायचं. दुसरा थेंब धावला नाही. जागच्या जागी फेर धरून नाचला. पुढचा बसून उकळला. त्याच्या पुढचा नुसता पसरला आणि विचार करत राहिल्यासारखा हळूहळू सुकला. कानामागचा पिंजारी अजून होता, पण त्याचा ठोका लांबत होता, तव्याच्या टक् बरोबर. एकानं दुसऱ्याकडून ताल घ्यावा तसा. एवढं मोठं काम, आणि करणारा कुणी नाही. कुणी फुंकत नाही, कुणी पाणी ओतत नाही. आच आपली आपण उठते आणि निघून जाते. कुठं जाते? तिला ते बघायचं होतं, आणि ती डोळे न मिटता बघत राहिली, देवळापुढं कळसाकडं बघावं तशी, मान दुखेपर्यंत.

मेघा आली तेव्हा सासू ओट्याशी उभी होती. उजवी मूठ छातीशी. मेघाच्या नाकाला वास लागला, तिनं पिशवी खाली ठेवली, पलंगापाशी उलगडलेली नऊवारी बघितली, आणि जवळ येऊन सासूची बोटं एकेक करून उघडली. आत चुरलेलं पान घामानं लगदा होऊन तळव्याला चिकटलं होतं.

"लावली?" मेघानं विचारलं. आवाज इतका बारीक की आवडाबाईला तो आधी स्वतःचाच वाटला.

"नाय."

मेघानं तिच्या तोंडाकडं बघितलं, दातांकडं बघितलं, मग तव्याकडं. "मग ह्यो तवा कशाला काढला? आन् किती येळ उभ्या हायात अशा? पाय सुजलेत तुमचे."

"निवायला येळ लागतो बाई," आवडाबाई म्हणाली. "लई येळ लागतो. मला ठावंच नव्हतं." आणि सुनेचा हात मनगटाला धरून तिनं तो पार निवलेल्या तव्यावर नेला. मेघाची बोटं सवयीनं आखडली. आवडाबाईनं सोडली नाहीत. काठावर नव्हे, बरोबर मधोमध, भाकरीचं पोट जिथं फुगतं आणि घरातल्या एकाही बाईचा हात जिथं कधी टेकलेला नव्हता, तिथं तिनं ती पाचही बोटं सपाट ठेवली, वर आपला हात ठेवला, आणि दाबून धरला.